१७ सप्टेंबरनंतरचे वीस दिवस

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आमच्या गावातल्या शाळेत झेंडा चढतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी साऱ्या देशाचे. हा तिसरा झेंडा खास आम्हा मराठवाड्यातल्यांचा. लहानपणी त्याचं फार अप्रूप वाटायचं. मैदानावर फक्कीच्या रेघा, नवे-जुने गणवेश, स्वातंत्र्यसैनिक म्हणून खुर्चीवर बसवलेले दोन-तीन म्हातारे, आणि मग गुरुजींचं भाषण. हैदराबाद संस्थानातली निझामाची राजवट, मराठी शाळांची गळचेपी, १९३८ चं वंदे मातरम् आंदोलन, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीची बँक, निझामाच्या बाजूच्या रझाकारांनी जाळलेली गावं. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गात शिरलेली भारतीय फौज आणि पाच दिवसांत निझामाची शरणागती. गुरुजींचा आवाज इथे भरून यायचा. मग घोषणा, मग गोळ्यांचं वाटप.

त्या भाषणातलं काहीही मला आज खोटं वाटत नाही, हे आधीच सांगतो. रझाकारांचा त्रास आमच्याकडच्या लोकांनी खरंच भोगला. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला त्यांनी माणसं कापली. हैदराबादेत ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्लाखान भारतात विलीन व्हा असं लिहीत होता, म्हणून त्याला ऑगस्टमध्ये रात्री रस्त्यात गाठून मारलं, ज्या हाताने लिहायचा तो हात तोडला. गावोगाव वर्गणीच्या नावाने खंडणी होती. जी माणसं त्याच्याविरुद्ध उभी राहिली, तुरुंगात गेली, मेली, त्यांच्यापुढे मी मान खाली घालतो. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गुरुजींची गोष्ट १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी संपते आणि खरी गोष्ट तेव्हा संपली नव्हती. १८ तारखेला काय झालं, १९ ला काय झालं, पुढचे दोन-तीन आठवडे काय झालं, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. घरी तर नाहीच. आणि आम्हीही कधी विचारलं नाही. गावात एक पडकी मशीद होती, तिच्यात बाभळी उगवल्या होत्या. आमचा चेंडू तिथे जायचा. गावात एकही मुसलमान घर नसताना मशीद कशी, हा प्रश्न एवढ्या पोरांपैकी एकालाही पडला नाही. न विचारायचं काय, हे मुलांना न सांगता कळतं.

मला ते कळलं तेव्हा मी चाळिशीच्या पुढे होतो. पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल हाती आला. ‘भारत में अंग्रेजी राज’ हा इंग्रजांनी जप्त केलेला ग्रंथ लिहिणारे हेच ते सुंदरलाल, गांधींच्या पठडीतले. हैदराबादेतून कानावर येणाऱ्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन नेहरूंनी त्यांना पाठवलं. बरोबर काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ही मंडळी संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. १०९ गावांतल्या पाचशेवर लोकांना भेटली. रझाकारांनी काय केलं होतं तेही त्यांनी लिहून ठेवलं. मग फौज आल्यानंतर काय झालं ते लिहिलं. त्यांचा हात राखून केलेला अंदाज असा की पोलिस ॲक्शनच्या, म्हणजे फौजेच्या त्या कारवाईच्या, काळात आणि त्यानंतर साऱ्या संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. मरणारे बहुतेक सगळे मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून १८ हजारांच्या खाली आकडा नाही.

उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, आणि तेव्हा लातूरही त्याच जिल्ह्यात होतं. चार पैकी दोन जिल्हे आमचे, मराठी बोलणारे. अहवालात लातूरचा वेगळा उल्लेख आहे. लातूर हे रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीचं गाव. तिथेच तो वकिली करायचा. मोठी पेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची दुकानं. तिथे कत्तल वीस दिवसांच्यावर चालली. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते. समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले होते, बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी पळाले होते.

वीस दिवस. दंगल एका रात्रीत भडकते, माणसाचं डोकं फिरतं, असं आपण म्हणतो. वीस दिवस डोकं फिरलेलं राहत नाही. वीस दिवसांत माणूस रोज सकाळी उठतो, दात घासतो, भाकरी खातो, गुरांना वैरण टाकतो आणि मग बाहेर पडतो. संध्याकाळी परत येतो. बायको विचारत असेल का, कुठे होता म्हणून? आणलेलं सामान कुठे ठेवायचं, हे तरी विचारत असेलच. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. हे घराघरांत घडलं, घराघरांत माहीत होतं, आणि घराघरांनी मिळून ते गिळलं, एवढ्यासाठी लिहितो.

अहवालात विहिरींचं वर्णन आहे. प्रेतांनी भरलेल्या विहिरी. एका विहिरीत समितीच्या लोकांनी स्वतः अकरा प्रेतं मोजली. त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीला चिकटलेलं मूल होतं. मराठवाड्यातल्या माणसाला विहीर म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्याकडे पोरगी देताना आधी विहिरीला पाणी किती टिकतं ते विचारतात. दुष्काळात विहिरीचा गाळ काढायला सारं गाव उतरतं. त्या विहिरींचा गाळ नंतर कुणी काढला असेल? की त्या बुजवल्या? बुजवल्या असतील तर आज त्यांच्यावर काय उभं आहे? गावागावात अशा एखाद्या विहिरीकडे संध्याकाळी जाऊ नये म्हणतात. आम्हाला सांगितलं जायचं, तिथे बाईचं भूत आहे. आमच्या गावचं भूत कुठल्या सालचं, हे मला ठाऊक नाही. पण अशा गोष्टींकडे मी आता पहिल्यासारखं बघू शकत नाही.

एक शब्द या सगळ्यावर पांघरुणासारखा पडला आहे, तो म्हणजे ‘पोलिस ॲक्शन’. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. लष्कराच्या दप्तरी तिचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. दिल्लीने तिला पोलिस ॲक्शन म्हटलं, कारण हा देशांतर्गत मामला आहे असं जगाला सांगायचं होतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याचं नुसतं ‘ॲक्शन’ झालं. ‘ॲक्शनच्या साली झालेलं पोरगं’, ‘ॲक्शनच्या आधीचा वाडा’. काळ मोजायला लोक तो शब्द वापरतात. काय झालं हे सांगायला वापरत नाहीत. आमच्याकडच्या मुसलमान घरांतही हाच शब्द आहे. तिथे तो उच्चारला की म्हातारी माणसं आवाज खाली आणतात.

मेले कोण? हे मला सर्वांत जास्त छळतं. मीर उस्मान अली खान, ज्यांच्या नावाने हे सगळं राज्य चाललं होतं, ते ॲक्शननंतर त्याच संस्थानचे राजप्रमुख झाले आणि १९५६ मध्ये राज्य मोडेपर्यंत राहिले. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. कासिम रझवी तुरुंगात राहिला आणि १९५७ साली सुटून तोही पाकिस्तानात गेला. आणि विहिरीत पडले ते कोण? विणकर, पिंजारी, मण्यार, तांबोळी, बागवान, कुळवाडी. ज्यांना निझामाचा दरबार कधी दिसला नव्हता. त्यांतले काही रझाकार झाले असतीलही, गणवेशाच्या आणि वचकाच्या लोभाने. पण छातीला चिकटलेलं ते मूल कुठल्या शाखेचा रझाकार होतं?

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, आणि माझ्या घरातही म्हणालं आहे : “त्यांनी आधी काय केलं ते विसरलास का?” नाही विसरलो. विसरू शकतच नाही, कारण दरवर्षी त्याची उजळणी होते. गोरट्याला आज स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. पण ‘त्यांनी’ हा शब्द जरा हातात घेऊन बघा. गोरट्यात ज्यांनी तलवार चालवली ते ‘ते’ आणि लातुरात बांगड्या विकणारा तो, दोघं एकच कसे झाले? शोएबुल्लाखानही ‘त्यांच्या’तलाच होता की. गुन्हा एकाने करायचा आणि शिक्षा त्याच्या नावाच्या, त्याच्या दाढीच्या दुसऱ्याला द्यायची, हा न्याय आपण स्वतःसाठी कधी मान्य केलेला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली, वाडे लुटले, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. त्या माणसांचा गांधींच्या खुनाशी काय संबंध होता? आडनावाचा. त्याही जळिताबद्दल पश्चिम महाराष्ट्र कितीतरी वर्षं कुजबुजत्या आवाजात बोलत राहिला. गावं सोडून पुण्या-मुंबईत आलेल्या घरांनी ते मनात धरलं, गावांनी ते विसरल्यासारखं केलं. एकाच वर्षात, सात महिन्यांच्या अंतराने, मराठी मुलखाच्या दोन टोकांना तोच प्रकार झाला आणि दोन्हीकडे तीच गप्प बसण्याची रीत आपण उचलली.

ती रीत पुढेही कामी आली. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि आमच्याच गावांनी दलितांची घरं पेटवली, पिकं कापली, माणसं मारली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नाव लागलं, कमान उभी राहिली, दरवर्षी लोक दर्शनाला येतात. पण ज्या गावांत आगी लागल्या त्या गावांच्या ग्रामपंचायतीत कधी कुणी उभं राहून ‘हे आपण केलं’ असं म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. १९४८ बद्दल बोलायला शिकलो असतो तर १९७८ टळलं असतं, असा दावा मी करत नाही. पण तीस वर्षांपूर्वी आपल्याच हातांनी काय केलं हे ज्या गावाला आठवत असतं, त्याचा हात पुन्हा पेटवायला इतक्या सहज जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त भल्या माणसांकडून येतो. खपली कशाला काढायची? आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात, उकरून काय मिळणार? हा आक्षेप मला बराच काळ पटत होता. पण जखमेवर खपली आहे ती कुणाच्या? ज्याला लागलं त्याची जखम भरली की नाही हे ज्याने मारलं त्याने ठरवायचं, असं होत नाही. आणि आपण गप्प राहिलो म्हणून विषय मिटलेला तर अजिबात नाही. ‘रझाकार’ हा शब्द आज आमच्याकडे शिवी म्हणून जिवंत आहे. उर्दूत त्याचा अर्थ नुसता स्वयंसेवक. १९४८ नंतर साठ वर्षांनी जन्मलेल्या पोरालाही, क्रिकेटच्या भांडणात, निवडणुकीच्या सभेत, तो शब्द फेकून मारला जातो. म्हणजे अर्धी आठवण आपण रोज ताजी ठेवतो. उरलेल्या अर्ध्या आठवणीलाच ती उकरू नका, असं म्हणतो.

आणि जिथे कागद दडवतात तिथे अफवा माजते. सुंदरलाल अहवाल सरकारने छापला नाही. दिल्लीला तो नको होता. सरदार पटेलांना तर ही समितीच रुचली नव्हती. कित्येक दशकं तो सामान्य माणसाच्या हाती पडण्यासारखा नव्हता. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकाने तो सहज वाचता येईल असा समोर आला. तोवर काय चाललं? एका बाजूला दोन-दोन लाखांचे आकडे तोंडोतोंडी फिरले, दुसऱ्या बाजूला ‘काही झालंच नाही, किरकोळ चकमकी’ हे ठामपणे सांगितलं गेलं. ज्याला जो आकडा हवा तो त्याने घेतला. अहवाल वेळेवर बाहेर आला असता तर निदान भांडायला एक कागद तरी असता. सरकारने लपवलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दिल्लीने दडवलेला कागद वेगळा आणि गल्लीने दडवलेली गोष्ट वेगळी. लातूरच्या पेठेत काय झालं हे कळायला लातूरकरांना दिल्लीच्या अहवालाची गरज नव्हती.

आता त्या अहवालातल्या अशा जागेकडे येतो, जिने हा लेख लिहायला मला भाग पाडलं. समितीने आणखीही काही नोंदवून ठेवलं आहे. ठिकठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं, काहींनी त्यात जीवही गमावला. एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी जास्त दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी हिंदू जमावाशी झुंज दिली आणि त्यापायी काही मेले. फौजेबद्दलही तसंच. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिस लुटीत सामील झाले, काही जागी तर त्यांनी पुरुषांना बाहेर काढून मारलं, असं अहवाल म्हणतो. आणि बऱ्याच ठिकाणी त्यांनी मुसलमानांचं नीट रक्षण केलं, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणतो.

ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. शेजारच्या मागावर बसणाऱ्या माणसासाठी स्वतःच्या जातभाईंच्या कुऱ्हाडीपुढे उभा राहिलेला विणकर. त्याचं नाव काय होतं? कुठल्या गावचा? साळी होता, कोष्टी होता? त्याची बायको नंतर कशी जगली? मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नाही. त्याच्या नावाचा चौक नाही, शाळेत धडा नाही, १७ सप्टेंबरला कुणी त्याचं नाव घेत नाही. कसं घेणार? ‘याने मुसलमानांना वाचवलं’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘कुणापासून?’ तो प्रश्न नको म्हणून आपण त्या विणकरालाही गाडलं. मारणाऱ्यांवर टाकलेल्या पांघरुणाखाली वाचवणारेही गुदमरले. मराठवाड्याने त्या तीन आठवड्यांत जी सर्वांत शूर, सर्वांत सभ्य माणसं दाखवली, त्यांचा अभिमान धरायची सोय आपणच आपल्याला ठेवली नाही. रझाकारांपुढे उभं राहायला धाडस लागलं, ते मान्यच आहे. पण जिंकलेल्या आपल्या माणसांपुढे, जल्लोषाच्या भर गर्दीत, उंबरठ्यावर आडवं होणाऱ्याचं धाडस मला कांकणभर जास्त वाटतं.

माझ्या घराबद्दल सांगतो, कारण दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणं सोपं असतं. आमच्याकडे माळ्यावर तांब्याचं एक घंगाळ आहे. चांगलं जड, दोन बाजूंना कड्या. दिवाळीत चिंच आणि मिठाने घासून आजी ते खाली काढायची, अभ्यंगस्नानाचं पाणी त्यात. काठाच्या खाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून काढलेलं नाव आहे. आमच्या सगळ्या जुन्या भांड्यांवर नावं आहेत, आजोबांचं, पणजीचं, लग्नाची साल. या एकावर मात्र नाव उर्दूत. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. कळायला लागल्यावर एकदा आजोबांना विचारलं तर म्हणाले, “निझामाचं राज होतं ना, तवा समदंच उर्दूत असायचं.” ते खरंही होतं. आजोबा स्वतः उर्दू शिकलेले, कोर्टकचेरीचं सगळं उर्दूत. मी ऐकून घेतलं. पण आमच्या घरात आजोबांचं नाव असलेली जी भांडी आहेत, ती त्याच राज्यात घेतलेली आहेत आणि त्यांच्यावर नाव बाळबोध लिपीत आहे. हे मला तेव्हाही दिसत होतं.

घंगाळ दोन तऱ्हांनी आमच्या घरी आलेलं असू शकतं. एक तऱ्हा तुमच्या मनात आली असेल. दुसरी अशी की पळून जाणाऱ्या कुणी शेजाऱ्याने विश्वासाने ते आजोबांच्या हवाली केलं, परत येतो तोवर ठेवा म्हणून, आणि तो परत आलाच नाही. आजोबा गावात सरळ माणूस म्हणून ओळखले जात. दुसरी तऱ्हा खरी असेल असं मला फार वाटतं. पण मी शपथेवर सांगू शकत नाही. मी त्यांचा नातू असून सांगू शकत नाही, कारण ते बोलले नाहीत. ठेव सांभाळणारा आणि लूट आणणारा, दोघंही सारखेच गप्प बसले.

काय करायला हवं, असं विचाराल तर मोठं काही नाही. सुंदरलाल अहवालाचं चांगलं मराठी भाषांतर आमच्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रंथालयात असावं, सगळा अहवाल, रझाकारांच्या अत्याचारांच्या भागासकट. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून जे म्हातारे उरले आहेत त्यांना बोलतं करावं, आणि तेही लवकर. ॲक्शनच्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीकडे आले आहेत. हिंदूंनाही विचारावं, मुसलमानांनाही, मुक्तिसंग्रामातल्या घरांनाही. जमिनीचे जुने कागद, पन्नाशीच्या दशकातलं खासरा पत्रक, त्याआधीचे निझामी दप्तरातले उतारे शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. जमिनी परत मागायला नव्हे, तो काळ केव्हाच गेला. कुठलं शेत कुणाचं होतं एवढं तरी गावाला ठाऊक असावं म्हणून. आणि १७ सप्टेंबरच्या भाषणात गुरुजींनी चार वाक्यं जास्त बोलावीत. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात दरवर्षी मुख्यमंत्री झेंडा चढवतात, तिथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. तिथे एक मिनिट त्या विणकरांसाठी आणि ज्यांच्यासाठी ते मेले त्यांच्यासाठी थांबलं तर स्वामी रामानंद तीर्थांचा मान कमी होणार नाही. त्यांची लढाई एका जुलमी राज्याशी होती. मुसलमान शेजाऱ्याशी नव्हती, असं आपणच तर दरवर्षी सांगतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलं. गेल्या वर्षी घंगाळ माळ्यावरून काढलं आणि उर्दू शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर करून, काठावर बोट फिरवत, दोनदा वाचलं. एका माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि आमच्या गावाचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या घरातलं कुणी कुठेतरी असेल, त्यांना ते असं सापडू नये. शिक्षकांनी मला काही विचारलं नाही. चहा दिला.

माझी थोरली आत्या त्या काळात बारा वर्षांची होती. आता ऐकायला कमी येतं, पण बाकी सगळं ठीक. दिवाळीत तिच्याकडे गेलो आणि घंगाळाचं विचारलं. “बाजारातनं घेतलेलं हाय,” ती म्हणाली. मग मी तिच्या कानाशी जाऊन ते नाव वाचून दाखवलं. बापाच्या नावासकट.

ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “दोन घागरी बी होत्या. माझ्या लग्नात मोडीत घातल्या. त्याच्यावर माझी भांडी घेतली.”

मी काहीच बोललो नाही. तिने हातातली वात ताटलीत ठेवली.

“ते नाव पुन्हा वाच बरं,” म्हणाली.